भाला हाताने फेकायचा नसतो!

भाल्याशी माझा संबंध इतिहासाच्या पुस्तकापुरताच. जालन्याहून अंबडच्या रस्त्याला लागलेल्या एका गावातल्या शाळेत मी तासिका तत्त्वावर मराठी आणि इतिहास शिकवते. सकाळचा स्वयंपाक, डबे, सासूबाईंची औषधे एवढे उरकायचे आणि धावतपळत एस.टी. गाठायची. पानिपत झाले, खर्डा झाला, ढाली-भाले झाले, घंटा झाली की फळा पुसायचा. तो भाला एक दिवस खरोखरच माझ्या वर्गात येऊन बसेल असे स्वप्नातही वाटले नव्हते.

गेल्या दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली त्या आठवड्यातली गोष्ट. नववीच्या वर्गात मागच्या बाकावरची एक मुलगी डाव्या हाताने लिहीत होती. म्हणजे लिहीत कसली, रेघोट्या ओढत होती. उजवा हात ओढणीत गुंडाळून मांडीवर ठेवलेला.

"काय गं, हाताला काय झालं?"

"काही नाही बाई. लई ठणकू राहिला."

ओढणी बाजूला केली तर कोपर आतल्या अंगाने चांगलेच सुजलेले. वर्गातल्या बाकीच्या मुलींनीच मग सगळी हकीकत सांगितली. ही मुलगी लहानपणापासून ज्वारीच्या दिवसांत माळ्यावर उभी राहून गोफण फिरवणारी. हिचा दगड थेट शेजारच्या धुऱ्यापर्यंत जातो, असा तिचा लौकिक. शाळेत खेळाच्या तासाला बांबूचा भाला पहिल्यांदा हातात आला आणि पहिल्याच फेकीत तो मुलांच्या खुणेपलीकडे गेला! पोरीला कोण आनंद. डिसेंबरात क्रीडा सप्ताह. कुणीतरी सांगून ठेवले की रोज पन्नास वेळा फेक, हात आपोआप तयार होतो. हिने पन्नासाचे ऐंशी केले. सुट्टीतसुद्धा, एकटीने, नांगरटीच्या वावरात.

दुसऱ्या दिवशी तिची आई शाळेत आली. वेचणीचा मोसम, रोज बुडवून आली होती. तिने आवाज चढवला नाही, पण जे बोलली ते अजून माझ्या कानांत आहे. "बाई, कापूस फुटलाय. हिचा हात बसला तर माझ्या पोटावर पाय आला. खेळू नको म्हनत न्हाई मी. पन फेकायचं कसं ते तरी कुनी शिकवावं का न्हाई? तुमी शिकल्यासवरल्या. तुमी सांगा."

आता मी काय सांगणार, कपाळ! बी.ए.ला माझा इतिहास होता. भाला कुठे धरायचा हेही मला ठाऊक नव्हते. त्या माउलीला "बघते" एवढेच म्हणाले आणि घरी येऊन भाजी चिरता चिरता मनात एकच घोळत राहिले. ही विद्या येते कुणाला? आणि ज्यांना येते ते ती पुढे देतात कशी?

त्यातून वाचत गेले, विचारत गेले, आणि एक नाव सापडले. मैत्रिणींनो, नीरज चोप्राचे नाव तुमच्यापैकी कुणाला सांगायला नको. पण काशिनाथ नाईक हे नाव किती जणींनी ऐकले आहे? मीही ऐकले नव्हते.

नाईक मूळचे उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या शिरसी तालुक्याचे. हा म्हणजे जुना कारवारकडचा मुलूख. १९५६ पर्यंत तो मुंबई राज्यातच होता. फौजेत गेलेले हे गृहस्थ तिथेच भालाफेकपटू म्हणून पुढे आले. २०१० च्या ऑक्टोबरात दिल्लीला राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या. आपल्याला त्या आठवतात त्या नाशिकच्या कविता राऊतमुळे. १०,००० मीटरच्या शर्यतीत तिने ब्राँझपदक मिळवले होते. त्याच स्पर्धांत, त्याच जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर नाईकांनी ७४.२९ मीटर भाला फेकून ब्राँझ मिळवले. सोने ऑस्ट्रेलियाच्या जॅरॉड बॅनिस्टरला ८१.७१ मीटरला, रौप्य न्यूझीलंडच्या स्टुअर्ट फार्कहरला. आज नव्वद मीटरच्या गप्पा ऐकणाऱ्या कानांना चौऱ्याहत्तर थोडे वाटतील. पण राष्ट्रकुलात भालाफेकीचे पदक ही आपल्याकडे तेव्हा ऐकिवात नसलेली गोष्ट होती.

त्यानंतर नाईकांनी भाला खाली ठेवला, म्हणजे स्वतः फेकणे थांबवले आणि दुसऱ्यांना शिकवू लागले. पुण्याला आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट आहे, २००१ साली सुरू झालेली. तिथे आणि राष्ट्रीय शिबिरांत त्यांनी प्रशिक्षक म्हणून काम केले.

त्यांच्या हाताखाली तयार झालेल्यांत एक मुलगी आहे, तिच्यासाठीच खरे तर मला हा लेख लिहावासा वाटला. अन्नू रानी. मेरठ जिल्ह्यातल्या बहादूरपूर नावाच्या खेड्यातली, शेतकऱ्याची लेक. क्रिकेट खेळताना तिने चेंडू असा काही लांबून फेकला की तिच्या भावाने, उपेंद्रने, ते हेरले. भाला कुठला आणायचा? उसाचे दांडे फेकायला लावले, मग बांबू. वडिलांचा विरोध होता. मुलीच्या जातीने मैदानात भाले काय फेकायचे! भावाने लपूनछपून साथ दिली. ही मुलगी नाईकांकडे शिकू लागली आणि २०१४ साली लखनौला तिने ५८.८३ मीटर भाला फेकला. चौदा वर्षे कुणी न मोडलेला राष्ट्रीय उच्चांक मोडला. त्याच वर्षी इंचिऑनच्या आशियाई स्पर्धेत ब्राँझ. पुढे तिचे प्रशिक्षक बदलले, पण पाया घातला गेला होता. २०१६ मध्ये साठ मीटरच्या पलीकडे जाणारी ती पहिली भारतीय स्त्री ठरली. २०१९ ला दोह्यात जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोचली, २०२२ मध्ये बर्मिंगहॅमला राष्ट्रकुलाचे ब्राँझ घेतले, आणि २०२३ मध्ये हांगचौला आशियाई सुवर्ण, ६२.९२ मीटर. उसाचे दांडे फेकणारी पोर!

हे मी आमच्या मुलीला वर्गात वाचून दाखवले. ती काही बोलली नाही. फक्त म्हणाली, "बाई, आपल्याकडं ऊस बी हाय."

हसू आले, पण कोपर अजून सुजलेले होते. जालन्याला डॉक्टरांना दाखवले. त्यांनी सांगितले, हाडाला काही नाही, स्नायूंवर आणि शिरांवर ताण आलाय, काही आठवडे फेक पूर्ण बंद. तेल लावून जोरजोरात चोळायचे नाही हेही बजावले. आपल्याकडे काही दुखले की आधी चोळतात ना! वेचणीला मात्र ती एका हाताने गेलीच. ते माझ्या हातात नव्हते.

याच सुमारास गावातले एक काका मला शाळेच्या फाटकाशी भेटले. फौजेतून निवृत्त होऊन पंधरा वर्षे झालेली, आता मोसंबीची बाग बघतात. पलटणीच्या स्पर्धांत त्यांनी कधीकाळी भाला फेकला होता. फार वरपर्यंत गेले नाहीत, पण शिकवणारे चांगले मिळाले होते. मुलीची हकीकत ऐकून ते एकच वाक्य बोलले, "बाई, भाला हातानं फेकायचाच नसतो."

मग त्यांनी जे समजावले ते तुम्हाला सांगते, कारण ते मला आपल्या बायकांच्या कामातूनच चटकन उमगले. दगडावर धुणे आपटणारी बाई पाहा. नुसत्या मनगटाने चादर आपटली तर दोन चादरीत हात भरून येतो. सवयीची बाई काय करते? पाय घट्ट रोवते, कमरेतून वळते, मग खांदा येतो आणि हात सगळ्यात शेवटी, चाबकासारखा. जोर खालून वर येतो. भाल्याचे तेच. धावत यायचे, शेवटची काही पावले अंग आडवे ठेवून टाकायची, भाला मागे, हात लांब. आणि मग उजव्या हाताने फेकणाऱ्याने डावा पाय पुढे खाडकन रोवायचा. काका म्हणाले, "यष्टीचा ब्रेक लागला की उभा माणूस कसा पुढं फेकला जातो? डावा पाय म्हंजे ब्रेक. पुढं फेकला जातो तो भाला." रोज एस.टी.त उभ्याने जाणाऱ्या मला हे आणखी कुणी समजावायची गरज नव्हती!

त्या वेळी कोपर खांद्याच्या खाली आले, बाजूला फाकले, की सगळा भार कोपराच्या आतल्या बाजूवर येतो. आमच्या मुलीचे तेच झाले होते. गोफणीत हात डोक्याभोवती गोल फिरतो. भाल्यात तो खांद्यावरून सरळ रेषेत जायला हवा. तिची ताकद खरी होती, वाट चुकीची होती. आणि वाट चुकीची असताना ऐंशी वेळा फेकायचे म्हणजे ऐंशी वेळा तीच चूक पक्की करायची.

कोपराचे हे दुखणे थोरामोठ्यांनाही सुटत नाही बरे का. नीरज चोप्राच्या उजव्या कोपरावर २०१९ च्या मे महिन्यात आपल्या मुंबईतच शस्त्रक्रिया झाली आणि तो हंगाम त्याचा वाया गेला. सांगलीकडच्या आटपाडी तालुक्यातल्या सचिन खिलारी यांचेही तसेच. आधी भालाफेक, मग खांद्याने दगा दिला म्हणून ते गोळाफेकीकडे वळले. २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये १६.३२ मीटर गोळा फेकून त्यांनी रौप्यपदक आणले.

साध्या गोष्टीसुद्धा आम्हाला ठाऊक नव्हत्या. पुरुषांचा भाला ८०० ग्रॅमचा, बायकांचा ६०० ग्रॅमचा, आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांत अठरा वर्षांखालच्या मुलींना ५०० ग्रॅमचा असतो. आमच्या शाळेतला बांबू मी घरी आणून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला (यजमान म्हणाले, आता हेच राहिले होते!). नऊशेच्या वर भरला. चौदा वर्षांची पोर पुरुषांच्या भाल्यापेक्षा जड दांडका रोज ऐंशी वेळा फेकत होती.

शिकवणाऱ्यांबद्दल वाचताना आणखी एक गोष्ट ध्यानात आली. या खेळातले नावाजलेले गुरू बहुतेक स्वतः फेकलेले. जर्मनीचे उवे होन घ्या. २० जुलै १९८४ ला बर्लिनमध्ये त्यांनी १०४.८० मीटर भाला फेकला. शंभर मीटर ओलांडणारा हा एकच माणूस. आठवडाभरात लॉस एंजेलिसचे ऑलिंपिक सुरू होणार होते, पण पूर्व जर्मनीने बहिष्कार घातल्यामुळे त्यांना जाताच आले नाही. पुढे भाले इतके लांब जाऊ लागले की मैदान अपुरे पडेल, म्हणून १९८६ पासून पुरुषांच्या भाल्याचा तोल चार सेंटीमीटर पुढे सरकवला आणि जुने विक्रम बाजूला ठेवले. ऑलिंपिक हुकले ते हुकलेच. मग होन शिकवू लागले. चीनचा झाओ छिंगकांग त्यांच्या हाताखाली २०१४ मध्ये ८९.१५ मीटर फेकून आशियाई विजेता झाला, आणि २०१८ मध्ये नीरजने राष्ट्रकुल व आशियाई अशी दोन्ही सुवर्णपदके मिळवली तेव्हाही प्रशिक्षक होनच होते.

चेक देशाच्या यान झेलेझ्नीचे नशीब उलटे. १९९२, १९९६, २००० अशी ओळीने तीन ऑलिंपिक सुवर्णपदके आणि ९८.४८ मीटरचा विक्रम, जो १९९६ पासून अजून कुणाला मोडता आलेला नाही. बायकांचा जागतिक विक्रम, ७२.२८ मीटर, करणारी बार्बोरा श्पोताकोव्हा ही त्यांचीच शिष्या. २०२५ च्या हंगामात नीरजही त्यांच्याकडे होता आणि १६ मे २०२५ ला दोह्यात त्याने ९०.२३ मीटर फेकून नव्वदीची वेस ओलांडली.

पण हे झाले जगप्रसिद्ध गुरू. नीरजच्या हातात भाला पहिल्यांदा आला तो पानिपतला, आणि कुठे म्हणाल? शिवाजी स्टेडियमवर! पानिपत वर्षानुवर्षे शिकवणाऱ्या मला हे वाचून अंगावर काटा आला. तेरा-चौदा वर्षांचा लठ्ठ मुलगा, घरच्यांनी वजन कमी करायला पाठवलेला. तिथे सराव करणाऱ्या जयवीर नावाच्या भालाफेकपटूने त्याला फेकताना पाहिले आणि शिकवायला घेतले. मग पंचकुला, तिथले प्रशिक्षक नसीम अहमद. मग राष्ट्रीय शिबिर. मग परदेशी प्रशिक्षक. एकाने धरायला शिकवले, एकाने धावायला, एकाने थांबायला. ७ ऑगस्ट २०२१ ला टोकियोत ८७.५८ मीटर गेलेल्या त्या भाल्यामागे किती हात होते!

आणि इथेच नाईकांची गोष्ट मला चटका लावून गेली. टोकियोच्या सुवर्णानंतर कर्नाटक सरकारने नीरजचे एक प्रशिक्षक म्हणून काशिनाथ नाईकांना दहा लाखांचे बक्षीस जाहीर केले. त्यावर देशाच्या अॅथलेटिक्स संघटनेच्या अध्यक्षांनीच, हे कोण प्रशिक्षक, आपण यांना ओळखत नाही, असे जाहीरपणे म्हटले. नाईकांना ते लागले. २०१५ ते २०१७ या काळात शिबिरात आपण नीरजला शिकवले आहे, असे त्यांनी सांगितले. वर्तमानपत्रांत दोन दिवस चर्चा झाली आणि थांबली. त्याच महिन्यात पुण्याच्या त्या इन्स्टिट्यूटमधल्या मैदानाला नीरजचे नाव देण्यात आले. ते योग्यच झाले. शिष्याचे नाव पाटीवर लागावे यात कुठल्या शिक्षकाला वाईट वाटेल?

तरीपण. संघटनेची बाजू मी अगदीच समजू शकत नाही असे नाही. विजय मिळाला की बापांची संख्या वाढते, खऱ्याखोट्याची छाननी करावी लागते. पण "ओळखत नाही" म्हणणे निराळे. देशाला पदक आणून देणाऱ्या माणसाला, त्याच देशाच्या शिबिरात वर्षानुवर्षे मुले घडवणाऱ्याला, दहा-अकरा वर्षांत अनोळखी करून टाकायचे? आपल्या घरांत नाही का होत? मुलगा इंजिनियर झाला की पेढे वाटताना क्लासच्या सरांचे नाव निघते, कॉलेजचे निघते. पहिलीत त्याचा हात धरून "ग" गिरवून घेणाऱ्या बाई कोण होत्या, हे आईलासुद्धा आठवत नाही. मी तासिकेवरची शिक्षिका. आमचे तर हजेरीपटावरसुद्धा नाव नसते, म्हणून मला हे जरा जास्त बोचले असेल. असो.

आमच्याकडचे सांगायचे राहिले. संक्रांतीनंतर काकांनी तिला हातात घेतले. पहिले दोन महिने भाला बघायलासुद्धा दिला नाही. पोरगी रडकुंडीला आली. नुसती आडवी पावले, शाळेच्या मागच्या मैदानावर. मग डावा पाय रोवायचा, हजार वेळा. मग दोन्ही हातांनी डोक्यावरून जड चेंडू फेकायचा. चेंडू कुठला, तर जुन्या फुटबॉलमध्ये वाळू भरून मीच शिवून दिला, गोधडीच्या दाभणाने. कोपर खाली आले की काका काठीने हळूच वर करायचे. उन्हाळ्यात सकाळी सहाला, कारण आमच्याकडे नऊनंतर मैदानावर उभे राहणे कठीण. जूनमध्ये शाळेने ५०० ग्रॅमचा खरा भाला आणला, त्यासाठी शिक्षकांनी वर्गणी काढली. त्या दिवशी काकांनी तिला मोजून बारा वेळा फेकू दिले. तेरावी फेक नाही म्हणजे नाही.

तिची आई एकदा सकाळी बघायला आली होती. बांधावर बसून राहिली. भाला गेला, टोकावर पडला, जमिनीत रुतून थरथरला. फेक मापात धरायला टोकच आधी टेकावे लागते, हे तिला मीच मोठ्या ऐटीत सांगितले. ती म्हणाली, "हात दुखतोय का विचारा बरं तिला." विचारले. दुखत नव्हता. मग ती उठली आणि खुरपे घेऊन कामाला गेली.

आता तालुक्याच्या शालेय स्पर्धा आहेत. सतरा वर्षांखालच्या मुलींत तिचे नाव द्यायचे ठरले. अर्ज भरायचे काम मुख्याध्यापकांनी माझ्याकडे दिले, अक्षर बरे म्हणून. नाव, जन्मतारीख, क्रीडाप्रकार, सगळे भरून झाले. खाली एक रकाना होता, प्रशिक्षकाचे नाव.

मी काकांकडे गेले. ते बागेत मोसंबीला पाणी देत होते. म्हणाले, "माझं नका घालू बाई. मी काय सर्टिफिकेटवाला हाय का? क्रीडाशिक्षकाचं घाला, नियमात बसंल." क्रीडाशिक्षकांना विचारले तर ते प्रामाणिकपणे म्हणाले, मी शिकवलेले नाही, मी कशी सही करू? मुलीला विचारले. तिने जराही विचार न करता काकांचे नाव सांगितले, आणि मग थोडे थांबून म्हणाली, "आन् बाई, चेंडू तुमी शिवला ना?"

अर्ज सोमवारी द्यायचा आहे. आज शनिवार. रात्रीची भांडी आवरली की पुन्हा एकदा काकांच्या घरी जाऊन येणार आहे, यजमानांना बरोबर घेऊन. आणि या वेळी पेनही बरोबर नेणार आहे.